मुलाच्या विमानातली जागा

सुरतेतल्या उधन्याच्या मंगला भामरे दिल्लीला जायला घरून निघत, तेव्हा आपण दिल्लीला जाणार आहोत की नाही हे त्यांना ठाऊक नसे. बॅग भरलेली असे, गॅस बंद केलेला असे, किल्ली शेजारी दिलेली असे आणि हातात विमान कंपनीचा पासही असे. त्या पासावर जागेचा क्रमांक तेवढा नसे. कंपनीत नोकरी करणाऱ्यांच्या आईवडिलांना मिळणारा हा पास ‘स्टँडबाय’चा असतो. तिकीट काढलेले सगळे प्रवासी बसून झाल्यावर एखादी खुर्ची उरली, तर ती पासवाल्याची; उरली नाही, तर पासवाला घरी.

पासाबरोबर काही नियम येतात. पोशाख नीटनेटका हवा. काउंटरवर हुज्जत घालायची नाही. आपण पासावर बसलो आहोत हे शेजारच्या प्रवाशाला सांगायचे नाही. पासवाल्याने तक्रार केली, तर तिचा जाब नोकरी करणाऱ्याला द्यावा लागतो. मुलाने, अभिजीतने, हे नियम आईला पहिल्याच खेपेस समजावून सांगितले होते आणि त्यांचा मंगलाबाईंना कधी जाच वाटला नाही. “बोलायचं नाही, एवढंच ना?” त्या मला म्हणाल्या. “साहेब शाळा तपासायला यायचे तेव्हा आम्ही दुसरं काय करत होतो?”

शाळा म्हणजे लिंबायतमधली महापालिकेची मराठी शाळा. मंगलाबाई मूळच्या अमळनेरच्या. लग्न होऊन सुरतेला आल्या, कारण पती रघुनाथ चलथाणच्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. बाईंच्या वर्गातली बहुतेक मुले मागावर काम करणाऱ्या खानदेशी कुटुंबांतली. ती घरी अहिराणी बोलत, गल्लीत हिंदी आणि दुकानात गुजराती. पुस्तकातली मराठी त्यांना बाईंकडूनच मिळे. रघुनाथराव निवृत्तीआधीच वारले. एकुलता एक मुलगा अभिजीत विमानांच्या देखभालीचे शिक्षण घेऊन दिल्लीला अंबर एअरवेजमध्ये लागला. अंबर ही तेव्हा जुनी, दबदबा असलेली कंपनी होती. तिने सुरत-दिल्ली विमान सुरू केले, तेव्हा उधन्याच्या सोसायटीत सगळ्यांना सर्वप्रथम सांगणारी व्यक्ती कोण असेल, हे वेगळे सांगायला नको.

त्या काळाबद्दल मंगलाबाई जे सांगतात ते जसेच्या तसे स्वीकारणे कठीण आहे. विमान कायम अर्धे रिकामे असे आणि आपल्याला एकदाही परत पाठवले नाही, असे त्या म्हणतात. अभिजीतला मात्र एका दिवाळीची खेप आठवते, त्या वेळी आई विमानतळावरून घरी गेली होती. मी हे त्यांच्यापुढे ठेवले, तेव्हा त्यांनी थोडा वेळ पदर नीट केला. “ती धरायची नाही,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी दिल्लीला धुकं होतं. सगळेच घरी गेले.”

तो अपवाद सोडला, तर त्यांचे सांगणे बरोबर असावे. अंबरचे तिकीट महाग, आणि सुरतेचा व्यापारी दिल्लीला सहसा सकाळी जाऊन रात्री परतणारा; दुपारच्या विमानाला गर्दी नसे. मंगलाबाई सुती-रेशमी साडी नेसून बाकावर बसत. काउंटरवरचा अक्षय नावाचा तरुण त्यांना ओळखू लागला होता. तो लांबूनच मान हलवी आणि त्या उठत. विमानात ट्रेमधून गरम जेवण येई. ते त्या पूर्ण खात नसत, बिस्किटाचा पुडा पर्समध्ये टाकत. दिल्लीला गेल्यावर अभिजीतसमोर तो ठेवून म्हणत, “तुझ्या कंपनीने दिलंय.” वर्षातून तीन-चार वेळा असे होई. मुलगा इतक्या लांब राहतो याचे दुःख त्या खेपांमुळे सोसण्याजोगे झाले होते, हे त्यांनी शब्दांत सांगितलेले नाही. परंतु त्यांच्या बोलण्यात वर्षे महिन्यांनी नव्हे, तर या खेपांनी मोजली जातात.

मग अंबरने स्वतःचीच एक स्वस्त कंपनी काढली आणि तिचे नाव ‘फुर्र’ ठेवले. पिवळी विमाने, छोट्या शहरांचे मार्ग, जेवण विकत, सामान विकत, पसंतीची खुर्चीही विकत. सुरतेचा मार्ग अंबरकडून फुर्रकडे गेला. विमाने जुनीच होती. रंग बदलला, पुढच्या महागड्या जागांपुढचा पडदा काढला आणि खुर्च्या जवळजवळ सरकवून मागे आणखी रांगा बसवल्या. त्या रांगा बसवणाऱ्यांत अभिजीतही होता. त्याने फोनवर आईला तसे सांगितले.

मंगलाबाईंनी सोसायटीत पेढे वाटले.

या पेढ्यांविषयी मी दोनदा विचारले, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. कारण मात्र सरळ होते. सुरतेत एखाद्या पेढीने दुसरे दुकान उघडले म्हणजे भरभराट. तेव्हा मुलाच्या कंपनीने दुसरी कंपनी उघडली म्हणजे मुलाचीही भरभराट. शिवाय त्यांनी शिक्षिकेसारखा हिशेब मांडला होता. विमानात खुर्च्या वाढल्या, म्हणजे उरणाऱ्या खुर्च्याही वाढणार.

शेजारच्या भाईदास पाटलांना पेढा घेतानाच शंका आली होती. ते रिंगरोडच्या कापड बाजारात उभी हयात दलाली करून निवृत्त झालेले. मूळचे शिरपूरकडचे, बोलताना तीन भाषा एकत्र वापरतात.

“वहिनी, पेढो मस्त छे,” ते म्हणाले. “पण एक सांगू? आपल्या मार्केटमां मोठा शेठ दुसरी दुकान काढतो ना, नाव वेगळं, बोर्ड वेगळा, तिथे गादी नसते. चहा पण नसतो. साडी तीच, फक्त फॉल-पिको तुमचं तुम्ही करा. गिऱ्हाईक उभ्या उभ्या घेतो न् निघतो. त्या दुकानात शेठचा पाहुणा जरी आला, तरी त्याला कोणी बस म्हणत नाही.”

“माझा मुलगा तिथे नोकरीला आहे, पाहुणा नाही,” मंगलाबाई म्हणाल्या.

“मुलगो मोठ्या दुकानात छे, वहिनी. तुमी जाणार छोट्या दुकानात.”

मंगलाबाईंना हे बोलणे कुचकट वाटले. पण भाईदासांचे निदान चुकले नव्हते. फुर्रच्या विमानात उरलेल्या खुर्चीवर पहिला हक्क फुर्रच्या कर्मचाऱ्यांचा, त्यानंतर त्यांच्या घरच्यांचा आणि सर्वांत शेवटी अंबरच्या माणसांचा. त्यातही मुख्य अडचण अशी की खुर्ची उरतच नव्हती. स्वस्त तिकिटामुळे पूर्वी रेल्वेने जाणारी माणसे विमानाने जाऊ लागली होती, आणि काउंटर बंद होईपर्यंत तिकिटे विकली जात होती. खुर्ची रिकामी जाऊ द्यायची नाही, हेच तर या कंपनीच्या जन्माचे कारण होते. मंगलाबाईंची दिल्ली मात्र त्याच रिकाम्या खुर्चीवर उभी होती.

पहिल्यांदा परत आल्या, तेव्हा योगायोग वाटला. दुसऱ्यांदा लग्नसराई होती. पुढे कारणे शोधणे त्यांनी थांबवले. विमानतळात शिरलेल्या माणसाला विमानाशिवाय बाहेर पडणे सोपे नसते. कंपनीच्या माणसाला सोबत घेऊन आत आलेल्या दारानेच परत जावे लागते आणि तिथे पहारेकऱ्याकडून नोंद रद्द करून घ्यावी लागते. एकदा तिथल्या जवानाने सहानुभूतीने विचारले, “फ्लाइट छूट गई, माताजी?”

“छूटी नहीं,” मंगलाबाई म्हणाल्या, “मेरे सामने से गई.”

घरी आल्यावर प्रश्न डब्याचा असे. अभिजीतसाठी केलेले भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, सांजोऱ्या. भरीत संध्याकाळपलीकडे टिकत नाही आणि मुलासाठी केलेले एकटीने बसून खाणे त्यांना जमत नसे. त्या ते शेजारी वाटत. त्यामुळे त्यांचे परतणे लपत नसे. दाराशी डबा आला की सोसायटीला कळे. भाईदासांच्या पत्नी शोभाबाई डबा घेऊन सरळ आत जात. भाईदासांना गप्प राहणे शक्य नव्हते.

“आज पण फुल? वहिनी, भरीत एक नंबर. आता पुढची फ्लाइट कधी?”

“तुम्हाला भरीत हवं असेल तर तसं सांगा,” मंगलाबाई म्हणाल्या. “त्यासाठी विमान भरायला नको.”

इथे कोणीही विचारील, आणि मीही विचारले, की बाईंनी सरळ तिकीट का काढले नाही? निवृत्तिवेतन चांगले होते, फुर्र स्वस्त होती, राजधानी गाडी तर सुरतेला थांबतेच. अभिजीतनेही एकदा फोनवर म्हटले होते, “आई, मी काढतो तिकीट. सोड तो पास.”

“मग तू तिथे नोकरी कशाला करतोस?” मंगलाबाई म्हणाल्या होत्या.

अभिजीतने पुन्हा तो विषय काढला नाही. त्याऐवजी तो खेपेच्या दिवशी सकाळी संगणकावर किती खुर्च्या विकल्या गेल्यात ते पाहून फोन करी. “आज मोकळं दिसतंय, आई. नीघ तू.” सकाळी ते खरे असे, दुपारपर्यंत खरे राहत नसे. एका शनिवारी त्याने स्वतःच सुरतेला यायचे ठरवले. पण त्याचाही पास त्याच विमानाचा होता. दिल्लीच्या काउंटरवर बसून तो विमानदुरुस्तीच्या हँगरमागच्या आपल्या खोलीवर परतला आणि आईला हे दुसऱ्या दिवशी कळले. मुलाला दिल्लीत आणि आईला सुरतेत एकाच कंपनीने, एकाच नियमाने, अदबीने घरी पाठवले होते. यात कोणाची चूक होती असे मला दाखवता येत नाही.

गेल्या जानेवारीत अभिजीतने मस्कतची नोकरी स्वीकारली. दोन कंपन्यांसाठी आता एकच हँगर पुरणार होते, माणसे कमी होणार होती आणि थांबण्यात अर्थ नव्हता. फेब्रुवारीच्या अखेरीस जायचे. तोवर काम दुसऱ्याच्या हवाली करायचे असल्याने सुट्टी नाही. नोकरी सुटली की पासही संपणार होता.

“जायच्या आधी येऊन जा,” तो म्हणाला. “खोली आवरायची आहे. तुझ्या हातचं जेवायचं आहे.”

“येते,” मंगलाबाई म्हणाल्या. “माझा पास आहे अजून.”

त्या शुक्रवारी सुरतेच्या काउंटरवर धनश्री होती. अक्षयची बदली केव्हाच झाली होती. धनश्री पांडेसऱ्यातल्या मागवाल्याची मुलगी, फुर्रच्या पिवळ्या कुर्त्यातली. वरिष्ठ जवळ असला की ती मंगलाबाईंना ‘मॅम’ म्हणे आणि हिंदीत बोले. तो वळला की तिची भाषा बदले. त्या दिवशी तो शेजारीच उभा होता.

“मॅम, आप बैठिए, लास्ट में बताते हैं।” आणि तो दोन पावले सरकताच, “माय, आठेच बठा. एक जागा शे. मी सांगस.”

वर्गात मुलांची अहिराणी सुधारण्यात बाईंची हयात गेली होती. त्या दिवशी तिचा प्रत्येक शब्द कानाला बरा वाटला, असे त्या सांगतात.

एक जागा खरोखरच होती. पण शेवटच्या घटकेला फुर्रचा एक वैमानिक धावत आला. त्याला दिल्लीहून दुसरे विमान न्यायचे होते. कामावरचा माणूस सर्वांच्या आधी. तो तरुण मंगलाबाईंकडे पाहून ओशाळला आणि “सॉरी, आंटी” म्हणत आत गेला. धनश्री काउंटरबाहेर आली.

“माय, काय करू? तठे मना हात नही चालत.”

“तुझं काही नाही ग,” मंगलाबाई म्हणाल्या. “उद्याचं तिकीट कुठे मिळतं?”

“तिकीट? तुमचा तर पास शे ना?”

“पास राहू दे. तिकीट.”

धनश्रीने त्यांना दारापर्यंत आणून तिकिटाची खिडकी दाखवली. तिथला मुलगा गुजरातीत सराईतपणे विचारत गेला. सामान किती, जेवण हवे का, खिडकीची जागा हवी असेल तर वेगळा आकार पडेल.

“पडू दे,” मंगलाबाई म्हणाल्या.

शनिवारी त्या सर्वांबरोबर रांगेत उभ्या राहिल्या आणि कोणीही त्यांना थांबा म्हटले नाही. धनश्री काउंटरवर नव्हती. आता त्यांना हुज्जत घालता आली असती, तक्रार करता आली असती, शेजारच्याला हवे ते सांगता आले असते. शेजारी मोबाइलवर सिनेमा पाहणारा एक हिरे व्यापारी होता. त्या दिल्लीपर्यंत त्याच्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. मुलाच्या विमानात त्यांना पहिल्यांदाच परक्यासारखे वाटले.

अभिजीत दिल्लीला दारातच उभा होता. “मिळाली ना? सकाळी फोनवर म्हटलं होतं ना मी, आज मोकळं आहे!”

“हो,” मंगलाबाई म्हणाल्या. “मिळाली.”

स्टँडबायच्या यादीतून त्या दिवशी आईचे नाव पुकारले गेले होते का, हे अभिजीतला पाहता आले असते. त्याने पाहिले नाही. आनंदाची बातमी तपासून पाहण्याचे त्याला काही कारण नव्हते. हे छापले तर त्याला कळेल, असे मी मंगलाबाईंना म्हटले. “कळू दे,” त्या म्हणाल्या. “आता पास कुठे उरलाय?”

पाच दिवस त्या दिल्लीत राहिल्या. खोली आवरली. भांडी कोणाला द्यायची, गादी कोणाला, हे ठरवले. अभिजीत उशिरा येई आणि जेवता जेवता पेंगत असे. एका संध्याकाळी तो त्यांना हँगरच्या कुंपणापर्यंत घेऊन गेला. आत एक पिवळे विमान उघडे करून ठेवले होते. “ह्याच्या मागच्या सहा रांगा मी बसवल्यात,” तो म्हणाला. मंगलाबाई म्हणाल्या, “छान बसवल्यास.” एवढेच बोलणे झाले.

गुरुवारी दोघांचेही निघणे होते. त्याचे मस्कतचे विमान संध्याकाळचे, दुसऱ्या टर्मिनलवरून, आईचे दुपारचे. त्याने तिचा पास काढून ठेवला होता. शेवटचा.

“तिकीट काढू का?” मंगलाबाईंनी हलकेच विचारले.

“कशाला? येताना मिळाली ना जागा. आज तर गुरुवार. बघितलंय मी, मोकळं आहे.”

या वेळी खरे सांगता आले असते. तेही न सांगण्याचे कारण त्यांना आजही धड देता येत नाही. एकदा त्या म्हणाल्या की त्याच्या तोंडावरची खुशी मोडवेना. दुसऱ्या वेळी म्हणाल्या की तो जाईल आणि मग आपण गुपचूप तिकीट काढू, असा विचार होता. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात.

अभिजीतने दाराशी नमस्कार केला, उठताना आईच्या खांद्याला धरून क्षणभर तसाच उभा राहिला आणि गाडीत बसून दुसऱ्या टर्मिनलकडे गेला. मंगलाबाई आत गेल्या. काउंटरवरच्या मुलीने त्यांना बाक दाखवला. ओळखीचे कोणी नव्हते. सुरतेला त्या आठवड्यात लग्ने होती. रांगेत साफ्यांच्या पेट्या आणि मेंदी लावलेले हात. शेवटी मुलीने लांबूनच मान हलवली, नकारार्थी. तिकीट विचारले, तर त्या दिवसाचे सुरतेचे एकही शिल्लक नव्हते.

त्या अजून बाकावरच होत्या, तेव्हा फोन आला. पलीकडे घोषणांचा गलका होता.

“आई, मिळाली?”

“मिळाली.”

“खिडकी?”

“खिडकी. बाहेर पिवळी विमानंच विमानं आहेत. तू व्यवस्थित जा. पोचलास की कळव.”

“तू पोचलीस की तू पण कळव.”

“मी रात्री झोपेन लवकर. सकाळी कळवते,” मंगलाबाई म्हणाल्या.

कंपनीच्या एका मुलाने त्यांना दाराबाहेर आणून सोडले. मेट्रोने त्या निजामुद्दीनला गेल्या आणि सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत तिकीट तपासनीसाला विनवून एका कोपऱ्यात बसल्या. जागेसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणे त्यांना नवे नव्हते. पण या वेळी आपल्या बोलण्याचा जाब कुणाला द्यावा लागणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आले, आणि त्यामुळे आवाज थोडा चढला असे त्या म्हणतात. गाडी सुटली तेव्हा ऊन होते. समोर भुसावळकडची एक बाई नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. साडी आणि बोलणे यांवरून तिने ओळखले.

“आपल्याकडच्याच का तुम्ही? दिल्लीला कोण असतं तुमचं?”

मंगलाबाईंनी घड्याळात पाहिले. मस्कतचे विमान सुटायला अजून अवकाश होता. तरीही त्यांनी उत्तर दिले.

“कोणी नाही.”